दोन हात आणि एक साथ : बेस गिटारवरील टॅपिंगविषयी थोडे विवेचन



कै. गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत मराठीची एक निवृत्त प्राध्यापिका बोलणार म्हटल्यावर संतवाङ्मय, पंडिती काव्य किंवा सीमाभागातील बोली असा एखादा विषय आपण अपेक्षिला असणार. विषय बेस गिटारचा आहे हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींना आश्चर्य वाटले, असे माझ्या कानावर आले आहे. ते स्वाभाविक आहे. परंतु टिळकवाडीत संध्याकाळी फेरफटका मारणाऱ्याला एका घरातून पेटी, दुसऱ्यातून तबला आणि तिसऱ्यातून गिटार ऐकू येते. पहिल्या दोहोंविषयी आपण जाणतेपणाने बोलतो. तिसऱ्यास मात्र ‘नुसता धांगडधिंगा’ म्हणून मोकळे होतो. शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या हाती जे वाद्य आले आहे, त्याविषयी वडीलधाऱ्यांनी इतके अनभिज्ञ असावे हे मला योग्य वाटत नाही.

माझा या विषयातील अधिकार मर्यादित आहे, तो आधीच सांगते. तरुणपणी मी सात वर्षे सतार शिकले. माझा नातू गेली चार वर्षे बेस गिटार शिकत आहे आणि त्यातील दोन वर्षे टॅपिंग या तंत्रावर घालवीत आहे. त्याच्या सरावाला मी नित्य बसते, आणि अलीकडे स्वतःची बोटेही त्या तारांवर ठेवू लागले आहे. जे डोळ्यांनी पाहिले आणि हातांनी अनुभवले, तेवढेच मी आपल्यापुढे मांडणार आहे.

वाद्याची ओळख

बेस गिटार हे खर्जाचे वाद्य आहे. त्याला बहुधा चार तारा असतात. नेहमीच्या गिटारच्या सर्वांत जाड चार तारा घ्याव्यात आणि त्या एक सप्तक खाली उतरवाव्यात, म्हणजे बेस गिटारचे स्वर मिळतात. सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात. इतका खालचा स्वर निघावा म्हणून तारा जाड आणि लांब ठेवाव्या लागतात. प्रचलित वाद्यात तारेचा बोलता भाग ३४ इंचांचा, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटरचा असतो. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बेस’ हे वाद्य बाजारात आणले आणि तेथून या वाद्याचा खरा प्रसार झाला.

वाद्यवृंदात या वाद्याचे काम काय, असा प्रश्न अनेकजण विचारतात. कारण ते वाजत असताना ध्यानात येत नाही आणि थांबले की मात्र काहीतरी निसटल्यासारखे वाटते. तंबोऱ्याने स्वराची आणि डग्ग्याने लयीची जी भूमी तयार करावी, ती दोन्ही कामे हे एकटे वाद्य करते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी हे काम वर्षानुवर्षे केले. गाणी आपल्या ओठांवर आहेत. वादकांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. मागे राहणे हा या वाद्याचा स्वभावच आहे, आणि पुढील विवेचनात तो मुद्दा महत्त्वाचा ठरणार आहे.

ठोक्यामागील शास्त्र

सामान्यतः डाव्या हाताने तार पडद्यावर दाबावयाची आणि उजव्या हाताने ती छेडावयाची, अशी श्रमविभागणी असते. स्वर कोणता हे डावा हात ठरवितो. तो केव्हा आणि किती जोराने निघावा हे उजवा. टॅपिंगमध्ये ही विभागणी मोडली जाते. बोटाचे टोक पडद्याच्या अगदी लगत, खुंट्यांच्या बाजूने, तारेवर झटकन आदळावयाचे. तार पडद्यावर आपटते, आणि त्या पडद्यापासून घोडीपर्यंतचा भाग कंप पावून स्वर देतो. छेडण्याची गरजच उरत नाही. दाबणे आणि वाजविणे या दोन क्रिया एकाच ठोक्यात होतात, म्हणून प्रत्येक हात आपापल्या परीने पूर्ण वादक बनतो.

हे विजेच्या वाद्यावरच का रुजले, त्याचे कारण सोपे आहे. अशा ठोक्याचा आवाज मुळात क्षीण असतो. विजेच्या गिटारवर तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो आणि वेटोळ्यात सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. ॲम्प्लिफायर तो वाढवून आपल्यापर्यंत पोहोचवितो. त्यामुळे हलका ठोकाही सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी फूटपट्टी घेऊन पडताळून पाहावी. ३४ इंचांच्या तारेवर पहिला पडदा टोकापासून जवळजवळ दोन इंचांवर असतो. बाराव्या पडद्याशी तार बरोबर निम्मी होते व स्वर एक सप्तक चढतो. त्यापुढील पडद्याचे अंतर एक इंचाहूनही किंचित कमी असते. म्हणजे डाव्या हाताला खाली मोठ्या ढांगा टाकाव्या लागतात, तर वर काम करणाऱ्या उजव्या हाताला तेच स्वर निम्म्या अंतरात सापडतात. दोन्ही हातांना दोन वेगळी गावे दिली आहेत, आणि रस्ता मात्र एकच आहे.

आपल्याकडील नातलग

हे तंत्र आपल्याला सर्वस्वी परके आहे असे समजण्याचे कारण नाही. सतारीवर नखीचा आघात झाल्यानंतर डाव्या हाताच्या बोटाने तार ओढून सोडली की खालचा स्वर निघतो, त्यास कृंतन म्हणतात. बोट पुढच्या पडद्यावर आपटून वरचा स्वर पुनःपुन्हा काढणे म्हणजे जमजमा. टॅपिंग शिकताना नातवाने मला त्यांची इंग्रजी नावे सांगितली, तेव्हा मी त्याला आमच्या घरातील मिरजेच्या सतारीवर या दोन्ही क्रिया करून दाखविल्या. “आजी, हे तर तेच आहे,” असे तो म्हणाला. तेच आहे, परंतु तेवढेच नाही. सतारीवर हे स्वर नखीने आधी जागविलेल्या तारेच्या आधाराने जगतात. टॅपिंगमध्ये तो आधार काढून घेतला जातो.

सतारीचा हा प्रांत आपल्याला जवळचा आहे. मिरजेस एकोणिसाव्या शतकापासून फरीदसाहेब सतारमेकर यांच्या परंपरेत सतारी आणि तंबोरे घडत आले, आणि २०२४ साली मिरजेच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. धारवाडला स्थायिक झालेले सतारिये रहिमत खाँ यांनी सतारीच्या तारांची मांडणी बदलून खर्जाला तिच्यात मानाचे स्थान दिले. खर्जाची ओढ ही काही पाश्चात्त्यांचीच मिरासदारी नव्हे.

दुसरे उदाहरण पेटीचे. हातपेटी वाजविताना एक हात भात्यात अडकतो आणि सुरांसाठी एकच हात उरतो. संगीत नाटकांतील ऑर्गनचा, म्हणजे पायपेटीचा भाता पायांनी चालतो. त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. टॅपिंगने तंतुवाद्याच्या बाबतीत नेमके हेच केले. छेडण्याच्या कामातून उजवा हात मोकळा केला आणि त्याला स्वरांच्या कामावर आणले.

तंत्राचा इतिहास

इतिहास थोडक्यात सांगते. अमेरिकेतील जिमी वेबस्टर यांनी १९५२ साली विजेच्या गिटारवर दोन्ही हातांनी स्पर्श करून वाजविण्याच्या पद्धतीवर पुस्तिका प्रसिद्ध केली. एमेट चॅपमन यांना १९६९ मध्ये दोन्ही हात दांडीला काटकोनात ठेवून वाजविण्याची युक्ती साधली आणि तिच्यासाठी त्यांनी ‘स्टिक’ नावाचे स्वतंत्र वाद्यच घडविले. १९७४ पासून ते विकले जाऊ लागले. १९७८ मध्ये एडी व्हॅन हेलन यांच्या ‘इरप्शन’ या वादनाने हे तंत्र तरुणांच्या तोंडी झाले. १९८५ मध्ये स्टॅन्ली जॉर्डन यांनी ‘मॅजिक टच’मध्ये एकाच गिटारवर साथ आणि धून दोन्ही वाजवून दाखविली.

बेस गिटारवर बिली शीहान, स्टुअर्ट हॅम आणि व्हिक्टर वूटन यांनी या तंत्राला प्रतिष्ठा दिली. हॅम यांनी १९८८ च्या ध्वनिमुद्रिकेत बेथोव्हेनचा ‘मूनलाइट सोनाटा’ बेसवर वाजविला. तो मूळचा पियानोचा, म्हणजे दोन हातांचाच. वूटन यांची १९९६ ची ‘अ शो ऑफ हँड्स’ ही ध्वनिमुद्रिका प्रामुख्याने एकट्या बेस गिटारच्या बळावर उभी आहे. आज मुंबईच्या मोहिनी डे यांच्यासारख्या तरुण वादिकेने हे वाद्य रंगमंचाच्या पुढच्या भागात आणले आहे.

शिकण्याचा क्रम

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. पहिली पायरी शांततेची आहे. बोट पडद्यावर आदळले की घोडीकडचा भाग जसा वाजतो, तसाच बोटापासून खुंट्यांपर्यंतचा मागचा भागही कुरकुरतो. शिवाय बाजूच्या मोकळ्या तारा उगाच गुणगुणू लागतात. म्हणून खुंट्यांकडच्या टोकाशी तारांभोवती मऊ कापडाची पट्टी किंवा केसांचा रबर बांधतात. पुढे हेच काम बोटांच्या कडांनी आणि तळहाताने करावयास शिकावे लागते. नातवाच्या शिक्षकांनी पहिले काही आठवडे या एकाच गोष्टीवर घालविले. नको असलेला आवाज थांबविणे हा या विद्येचा अर्धा भाग आहे. शब्द गाळता येऊ लागल्याशिवाय लिहिता येत नाही, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे. येथे त्याचीच प्रचीती आली.

दुसरी पायरी एकेका हाताची. डाव्या हाताच्या चारही बोटांनी क्रमाने ठोके द्यावयाचे आणि करंगळीचा स्वर तर्जनीच्या स्वराइतकाच ठसठशीत येईपर्यंत पुढे जावयाचे नाही. बोट उंचावरून आपटण्याची आवश्यकता नसते. ठोका जवळून, पण चपळ असावा. तारा पडद्यांच्या जितक्या जवळ असतील तितके श्रम कमी होतात. त्यानंतर उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा बाराव्या पडद्याच्या आसपास हेच शिकतात.

तिसरी पायरी दोन्ही हातांची. येथे मी भूप रागाचा उपयोग करावयास सुचविले आणि तो फार सोयीचा ठरला. षड्ज पांढरी एक धरावा. जाड बाजूने दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर सा आणि पहिल्या तारेच्या तिसऱ्याच पडद्यावर मंद्र पंचम मिळतो. डाव्या हाताने हे दोनच स्वर तंबोऱ्यासारखे आळीपाळीने चालू ठेवावेत. उजव्या हाताला वरच्या सप्तकाचा सा तिसऱ्या तारेच्या दहाव्या पडद्यावर आणि रे बाराव्यावर सापडतो. ग, प आणि ध चौथ्या तारेच्या अनुक्रमे नवव्या, बाराव्या आणि चौदाव्या पडद्यावर. आणि हात थोडा सरकविला की सतराव्यावर तार षड्ज. खाली सा-प चालू आहे आणि वर भूपाचा आरोह चढतो आहे, ही अवस्था ज्या दिवशी प्रथम साधते, त्या दिवशी विद्यार्थ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे!

चौथी पायरी लयीची, आणि खरी कसोटी तीच. डाव्याची बरोबरी व उजव्याची दुगुन हे लवकर जमते. अवघड पडते ते दोनास तीन. सहा मात्रा मोजाव्यात. डाव्याने पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर ठोका द्यावा, उजव्याने पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर. आधी वाद्य बाजूला ठेवून मांडीवर हातांनी आणि तोंडाने मोजून हे पक्के करावे, मग तारांकडे जावे. तबलजी बोल आधी तोंडाने म्हणून मगच हातात उतरवितो. ती आपली जुनी शिस्त येथे तंतोतंत उपयोगी पडते.

शरीराची काळजी हा विषय पालकांनी मनावर घ्यावा. मनगट वाकवून तासन्‌तास ठोके दिल्यास स्नायू व शिरा दुखावतात. दहा-पंधरा मिनिटांचा सराव, मग विश्रांती, आणि दुखू लागल्यास त्वरित थांबणे, हा नियम असावा. माझ्या उजव्या हाताच्या सांध्यांमुळे काही वर्षांपूर्वी मला नखी घालणे सोडावे लागले आणि सतार गवसणीत गेली. नातवाने आपल्या वाद्याच्या तारा खाली घेऊन दिल्या, आणि त्या हलक्या ठोक्याने उजव्या हाताच्या दोन बोटांनी मी रोज थोडा वेळ भूप वाजवू शकते. तेवढे मला पुरते.

चमत्कृती आणि साथ

आता मूळ प्रश्नाकडे येते. हे सारे कशासाठी? ही केवळ हातचलाखी नव्हे काय? प्रश्न योग्य आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाला तो परिचितही आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त व्यंग्यार्थ नसलेल्या, केवळ शब्दार्थांच्या करामतीवर उभ्या असलेल्या चित्रकाव्यास शेवटचे स्थान दिले. आपल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून निरोष्ठ रामायण रचले. त्याचे कौतुक होते, पण ते मुखोद्गत असणारा माणूस विरळा. त्याच पंतांची ‘केकावली’ मात्र घरोघरी पाठ होती. भाषेवरील हुकमत दोन्हीकडे तीच आहे. एकीकडे ती स्वतःकडे बोट दाखविते, दुसरीकडे आर्ततेच्या सेवेत विरून जाते. दोष तंत्राचा नसतो. ते कोणाच्या सेवेत आहे हे पाहावे लागते.

याचा प्रत्यय मला घरातच आला. दोन वर्षांपूर्वी एका स्नेहसंमेलनात नातवाच्या गटाचे समूहगीत होते. गीत रंगात आले असता त्याने दोन्ही हात दांडीच्या वरच्या भागात नेले आणि टॅपिंगची एक झळझळीत फेक वाजविली. टाळ्या पडल्या; पण त्या आठ-दहा मात्रांत खर्ज नाहीसा झाला, गाणाऱ्या मुलींच्या पायांखालची जमीन गेली आणि दुसरे कडवे वेगळ्याच स्वरात सुरू झाले. घरी आल्यावर त्या मुली त्याच्याशी बोलेनात. तो दोन दिवस वाद्याला शिवला नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याला पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्याविषयी सांगितले. आपल्या बेळगावच्या या पेटीवादकाने मोठमोठ्या गायकांना साथ केली आणि एकल वादनातही नाव मिळविले. साथीला बसलेल्या माणसाला जे येते ते सगळे वाजवावयाचे नसते; गायकाला जे हवे ते वाजवावयाचे असते. पण याचा अर्थ साथीदाराने कधी पुढे येऊच नये असा नव्हे. पुढे यावे; फक्त पुढे येताना मागचे काम टाकून येऊ नये. आणि टॅपिंगची खरी गुणवत्ता हीच आहे की ते यासाठीच घडले आहे. डावा हात खर्ज सांभाळतो म्हणून उजव्याला बोलण्याचा अधिकार मिळतो. त्याने जी फेक वाजविली होती तीत दोन्ही हात उजवे झाले होते.

त्यानंतर त्याने तेच गीत पुन्हा बसविले. डाव्या हाताने पहिल्या दोन तारांवर मूळची खर्जाची चाल, आणि उजव्याने कडव्यांमधील मोकळ्या जागी चारच स्वर. ते बसावयास तीन महिने लागले. मुलींनी पुन्हा त्याच्याबरोबर गावयास संमती दिली. त्या वेळी टाळ्या मधेच पडल्या नाहीत, गीत संपल्यावर पडल्या.

समारोप

सीमाभागात राहणाऱ्या आपणा सर्वांना या शिक्षणाचा एक पाठ जन्मतःच मिळालेला आहे. आपण घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड, आणि एकाच वाक्यात दोन्हींचा तोल सांभाळतो. एक भाषा येते म्हणून दुसरी दुबळी होत नाही. प्रत्येकीची चाल स्वतंत्रपणे पक्की असली म्हणजे दोन्ही शोभतात. अर्धवट आलेल्या दोन भाषांचा मात्र गोंधळ होतो. हातांचेही तसेच आहे.

कै. गुरुजी शिक्षक होते, आणि शिक्षकाचे काम पुष्कळसे बेस गिटारसारखेच असते. विद्यार्थ्यांचे गाणे सर्वांना ऐकू येते, त्याखालचा खर्ज ऐकू येत नाही. म्हणून या व्यासपीठावरून माझी शाळेला एक विनंती आहे. संगीताच्या वर्गात पेटी आणि तबल्याशेजारी एखादी बेस गिटार आणि लहानसा ॲम्प्लिफायर ठेवावा. मुलांना टॅपिंग अवश्य शिकू द्यावे. मात्र आधी एक वर्ष त्यांना केवळ साथ करावयास लावावी.